वाळीत टाकलेल्यांचा संघ



ह्या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो, त्यामुळे माझे उच्चार चुकले तर आपण सांभाळून घ्यावे.

चालकांची अपेक्षा अशी होती की, मी कामगार कायद्यांवर बोलावे. मी त्यांना विषय कळविला, 'सँडी टर्नबुल, एक स्कॉटिश फुटबॉल खेळाडू'. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "अहो, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" मी म्हटले, चूक नाही. मी स्वतः फुटबॉल कधी खेळलो नाही. आमच्या चाळीसमोर जेवढी जागा होती तेवढ्यात कबड्डीच मावत असे. तरीही गेली काही वर्षे हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. तो का जात नाही, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

त्याची माझी पहिली भेट एका छायाचित्रातून झाली. वाचनालयात ब्रिटिश कामगार चळवळीवरचे एक पुस्तक चाळत होतो. त्यात दहाबारा तरुण दोन ओळींत बसले-उभे राहिलेले दिसले. चेहऱ्यावर मिस्किल हसू, आणि पुढे एक पाटी, 'आउटकास्ट्स एफ.सी., १९०९'. म्हणजे वाळीत टाकलेल्यांचा फुटबॉल संघ! आउटकास्ट ह्या शब्दाला आपल्या देशात फार जुना आणि जळता अर्थ आहे. त्या दुःखाशी ह्या पोरांच्या दुःखाची बरोबरी मी करीत नाही. परंतु ज्यांना वाळीत टाकले त्यांनी ती शिवी स्वतःच पाटीवर लिहून पुढे ठेवावी, ह्याचे मला मोठे कौतुक वाटले. त्या ओळीत कप्तानाशेजारी बसलेला सँडी टर्नबुल. तीन महिन्यांपूर्वी ह्याच माणसाच्या गोलावर त्याच्या क्लबने इंग्लंडातला सर्वांत मानाचा कप जिंकला होता, आणि आता त्याला पगार मिळत नव्हता.

अलेक्झांडर ऊर्फ सँडी टर्नबुल १८८४ साली स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यात, किल्मारनॉकजवळच्या हर्लफर्ड गावी जन्मला. त्याच साली आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली होती. हर्लफर्ड कोळशाच्या खाणींचे गाव. सँडीचे घर खाणकामगाराचे. अशा गावांत पोराला खाणीत जाण्याचा रस्ता ठरलेला असे, आणि त्यातून सुटण्याच्या ज्या एकदोन वाटा होत्या त्यांत फुटबॉल ही एक होती. इंग्लंडच्या मोठ्या क्लबांची माणसे स्कॉटलंडच्या गावोगाव फिरून अशी पोरे हेरून नेत. अंगाने गुटगुटीत, उंचीने बेताचा, पण डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत असा हा पोरगा १९०२ साली मँचेस्टर सिटी ह्या क्लबात गेला. वय अठरा.

तो गेला त्याच वर्षी त्या क्लबात एक घटना घडली. डाय जोन्स नावाचा वेल्सचा एक नामांकित खेळाडू सरावाच्या सामन्यात पडला, काचेच्या तुकड्याने गुडघा कापला, जखम चिघळली आणि तो काही दिवसांतच मेला. पाठीमागे बायको, मुले. क्लबाचे म्हणणे असे पडले की, हा माणूस काही कामावर असताना मेला असे म्हणता येत नाही. कुटुंबासाठी काय केले? तर मदतीचा एक सामना लावून दिला. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही भाषा ओळखीची आहे. हक्क मागितला की दानाची थाळी पुढे येते. जोन्सचा देशबंधू आणि सिटीचा सर्वांत मोठा खेळाडू बिली मेरेडिथ ह्याच्या मनात ही गोष्ट रुतून बसली.

आता त्या काळचे खेळाडूचे जिणे काय होते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. १९०१ पासून इंग्लंडात नियम असा की, कोणत्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त पगार द्यावयाचा नाही. साध्या मजुरापेक्षा ही रक्कम चांगली होती, हे मी कबूल करतो. परंतु हे किमान वेतन नव्हते, कमाल वेतन होते! सामन्याला पन्नास हजार लोक तिकीट काढून येवोत, खेळाडूचे ४ पौंड ते ४ पौंडच. दुसरा नियम ह्याहून कडक. मोसम संपला तरी क्लबाला वाटले तर खेळाडूची नोंदणी आपल्याकडे धरून ठेवता येई. क्लब सोडत नाही तोवर दुसरीकडे खेळता येत नसे, आणि क्लबाने सोडलेच तर बदलीची किंमत क्लबाच्या खिशात जाई. गोठ्यातल्या बैलाची विक्री होते तेव्हा बैलाला कोणी विचारत नाही, तसा हा प्रकार. आणि ह्या सगळ्यावर देखरेख करणारी 'फुटबॉल असोसिएशन' ही संस्था. तिच्या परवानगीवाचून खेळाडूने क्लबाविरुद्ध कोर्टात जावयाचे नाही, हा तिसरा नियम.

जेथे वरून असा दगड ठेवलेला असतो तेथे पाणी बाजूने झिरपतेच. क्लबांना चांगले खेळाडू हवे होते, तेव्हा टेबलाखालून जादा पैसे दिले जात. सर्वांना ठाऊक होते आणि सर्व जण गप्प होते. १९०४ साली मँचेस्टर सिटीने कप जिंकला. त्या संघात टर्नबुल होता. १९०५ च्या एप्रिलमध्ये मोसमाचा अखेरचा सामना ॲस्टन व्हिलाशी होता, आणि तो जिंकला तर लीग पदरात पडण्याची आशा होती. सामना दांडगाईचा झाला. व्हिलाचा कप्तान ॲलेक लेक आणि टर्नबुल मैदानावरच एकमेकांस भिडले. सिटी २–३ असा हरला. मारामारीची चौकशी सुरू झाली आणि तिच्यातून भलतेच निघाले. सामना सोडण्यासाठी मेरेडिथने लेकला १० पौंड देऊ केले, असा आरोप आला. मेरेडिथवर बंदी आली. क्लबाने त्याला वाऱ्यावर सोडले, तेव्हा त्याने तोंड उघडले आणि टेबलाखालचा सारा हिशेब बाहेर काढला.

१९०६ साली निकाल लागला. मॅनेजर आणि क्लबाचे चेअरमन ह्यांना फुटबॉलमधून घालविले, आणि १७ खेळाडूंना दंड करून १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी घातली. शिवाय सिटीसाठी त्यांनी पुन्हा कधी खेळावयाचे नाही. टर्नबुल त्या सतरांत होता. मग मँचेस्टरच्या एका हॉटेलात ह्या खेळाडूंचा बाजार भरला. परंतु शेजारच्या मँचेस्टर युनायटेड क्लबाचे मॅनेजर अर्नेस्ट मँगनॉल ह्यांनी आधीच हालचाल करून मेरेडिथ, टर्नबुल, बर्जेस आणि बॅनिस्टर हे चार मोहरे उचलून ठेवले होते. बंदी उठली त्याच दिवशी, १९०७ च्या वर्षप्रतिपदेला म्हणा हवे तर, युनायटेडचा सामना होता, आणि समोर पुन्हा तोच ॲस्टन व्हिला. मेरेडिथने बाजूने चेंडू आत टाकला, टर्नबुलने गोल मारला, १–० असा सामना जिंकला. पुढच्या मोसमात त्याने लीगच्या ३० सामन्यांत २५ गोल केले आणि युनायटेडने पहिल्यांदाच इंग्लंडची लीग जिंकली. त्याच मोसमात जुन्या सिटी क्लबाविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि पंचाने त्याला मैदानाबाहेरही घालविले. दोन्ही एकाच दिवशी. हा माणूस असा होता. चरित्रकाराला सोयीचा नव्हे.

आता मी माझ्या मुद्द्याकडे येतो. १९०७ च्या एप्रिलमध्ये युनायटेडच्या राखीव संघाचा टॉमस ब्लॅकस्टॉक नावाचा खेळाडू, हाही स्कॉटिश, सामन्यात चेंडू डोक्याने मारल्यावर कोसळला आणि मेला. त्याच्या घरच्यांनाही भरपाई मिळाली नाही. पाच वर्षांत हे दुसरे मरण. त्याच वर्षी २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात मेरेडिथच्या अध्यक्षतेखाली खेळाडूंची सभा भरली आणि युनियन स्थापन झाली. १८९८ साली असा एक प्रयत्न होऊन बुडाला होता. ह्या वेळी युनायटेडचे बहुतेक खेळाडू, कप्तान चार्ली रॉबर्ट्स, मेरेडिथ, टर्नबुल, पुढे उभे राहिले. हर्बर्ट ब्रूमफील्ड नावाचा गोलरक्षक चिटणीस झाला.

पहिल्याने फुटबॉल असोसिएशनने युनियनला मान्यता दिली. बंधूंनो, युनियन जोपर्यंत चहापान करते आणि मदतीचे सामने भरविते तोपर्यंत मान्यता मिळते. हा अनुभव मँचेस्टरचाही आहे आणि आमचाही आहे. परंतु ह्या युनियनने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली खेळाडूंचे दावे लावण्याची तयारी केली. ह्याच इंग्रजी कायद्याच्या वळणावर आपल्याकडे १९२३ चा कायदा झाला, आणि त्यावर मी आणि माझ्यासारख्या शेकडो कार्यकर्त्यांनी आयुष्य काढले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे देशातल्या इतर कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाला जोडून घेण्याचे ठरविले. येथे असोसिएशनचे पित्त खवळले. फुटबॉलवाले उद्या खाणवाल्यांच्या संपात उतरतील, अशी आवई उठली. मान्यता काढली. युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर बंदी आली, आणि फर्मान निघाले की, १ जुलै १९०९ पर्यंत प्रत्येक खेळाडूने युनियन सोडल्याचे लिहून द्यावे. जो देणार नाही त्याची नोंदणी रद्द.

ह्या फर्मानाच्या दोन महिने आधी, २४ एप्रिल १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर कपचा अंतिम सामना झाला. युनायटेडविरुद्ध ब्रिस्टल सिटी. टर्नबुलचा गुडघा दुखावलेला होता, तो खेळेल की नाही ह्याची शंका होती. कप्तान रॉबर्ट्सने आग्रह धरला, ह्याला घ्याच, लंगडत का होईना हा एक गोल मारील. आणि तसेच झाले. हॅल्सचा फटका आडव्या दांड्यावर आदळून परत आला, टर्नबुलने तो आत ढकलला. १–०. सत्तर हजारांवर प्रेक्षक होते. मँचेस्टर युनायटेडने जिंकलेला हा पहिला कप.

एप्रिलमध्ये मिरवणूक आणि जुलैमध्ये हकालपट्टी! देशातल्या बहुतेक खेळाडूंनी सह्या करून दिल्या. मी त्यांना नावे ठेवीत नाही. घरी चूल असते. पाण्यात राहून माशाशी वैर धरणे सर्वांना जमत नाही, आणि ज्याला जमत नाही तो दर वेळी भित्राच असतो असेही नाही. परंतु मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू सह्या करीनात. त्यांच्यावर बंदी आली, पगार थांबला. एव्हर्टन क्लबाचा टिम कोलमन हा एकटा बाहेरचा गडी त्यांना येऊन मिळाला. फॅलोफील्डच्या एका मैदानावर हे सगळे आपापले सराव करू लागले, आणि तेथेच ते पाटीचे छायाचित्र काढले गेले.

त्या दिवसांतली एक आठवण कप्तान रॉबर्ट्सने सांगून ठेविली आहे. उन्हाळ्याचा पगार मागावयास ही मंडळी क्लबाच्या कचेरीत गेली. पैसे नाहीत असे उत्तर मिळाले. टर्नबुलने इकडेतिकडे पाहिले, भिंतीवरचा आरसा उतरविला आणि काखेत मारला. काहीतरी तर नेलेच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. मग बाकीच्यांनीही हाताला लागेल ते उचलले, आणि थोड्याच वेळात कचेरीवर कोर्टाची जप्ती येऊन गेली आहे असे दिसू लागले. आरसा पुढे परत गेला की नाही हा प्रश्न मला कोणी विचारू नये. युनियनचा चिटणीस म्हणून मी ह्या कृत्याचे समर्थन करणार नाही. पण मनातल्या मनात मी हसलो, हे मात्र आपल्यापासून लपवीत नाही. तुंबलेल्या पगारासाठी मालकाच्या कचेरीत जो कधी ताटकळत उभा राहिला आहे, त्याला तो आरसा दिसल्याशिवाय राहणार नाही.

ह्या मूठभर लोकांच्या हट्टामुळे वारे फिरू लागले. सह्या केलेले खेळाडू परत युनियनकडे वळले. मोसम तोंडावर आला. सामने होतील की नाही हीच भीती. ऑगस्टअखेर बर्मिंगहॅमला बैठक झाली आणि तडजोड निघाली. युनियनला मान्यता मिळाली, बंदी उठली, थकलेला पगार देण्याचे कबूल झाले. १ सप्टेंबरला युनायटेडचे खेळाडू दंडावर युनियनची फीत बांधून मैदानात उतरले आणि ब्रॅडफर्ड सिटीला हरविले.

हा विजय होता काय? अर्धा होता. मान्यतेची किंमत अशी पडली की, पुढे खेळाडूंनी मतदान करून महासंघाचे नाते तोडले. 'तुम्ही तुमची युनियन करा, पण बाहेरच्यांशी संबंध ठेवू नका', ही अट ज्याने ऐकली नाही असा संघटक जगात नसेल. चार भिंतींत एकटी पडलेली युनियन मालकाला परवडते. रॉबर्ट्सला ही गोष्ट फार लागली होती. १९०५ साली इंग्लंडकडून तीन सामने खेळलेला हा कप्तान पुढे पुन्हा कधी देशाच्या संघात दिसला नाही. १९१० मध्ये कमाल वेतन ५ पौंडांवर गेले. १९१२ साली किंगाबी नावाच्या खेळाडूचा खटला युनियन हरली. धरून ठेवण्याचा नियम कायम राहिला आणि युनियनची तिजोरी रिकामी झाली. पण त्याच सुमारास वॉकर विरुद्ध क्रिस्टल पॅलेस ह्या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की, धंदेवाईक फुटबॉलपटू हा भरपाईच्या कायद्याखाली कामगारच आहे. क्लबाचा वकील म्हणत होता, हा तर स्वतःच्या कौशल्याने खेळतो, त्याला कोण हुकूम देतो? न्यायालयाने म्हटले, कौशल्य त्याचे असले तरी तो क्लबाच्या आज्ञेत आहे. कामगार कोण आणि कोण नाही, ह्या वादात आजही हाच प्रश्न विचारला जातो. डाय जोन्स आणि ब्लॅकस्टॉक ह्यांना जे मिळाले नाही ते पुढच्यांसाठी कायद्यात आले.

इकडे टर्नबुल खेळतच होता. १९१० च्या फेब्रुवारीत युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड हे नवे भव्य मैदान उघडले, लिव्हरपूलविरुद्ध. त्या मैदानावरचा पहिला गोल टर्नबुलचा. सामना मात्र ३–४ असा हरले. १९११ साली पुन्हा लीग जिंकली. युनायटेडसाठी त्याने एकंदर २४७ सामने खेळले आणि १०१ गोल केले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही.

व्याख्यान येथे संपविले असते तर किती बरे झाले असते! एका शूर कामगार-खेळाडूची गोष्ट सांगून मी खाली बसलो असतो आणि आपण टाळ्या वाजविल्या असत्या. परंतु चरित्र जसे घडले तसे सांगितले पाहिजे.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. लोक म्हणू लागले, तरुण पोरे मरत असताना फुटबॉल कसला खेळता? गर्दी ओसरली, खेळाडूंचे पगार कापले गेले, आणि ह्या मोसमानंतर लीग बंद पडणार हे दिसू लागले. खेळाडूचे आयुष्य आधीच दहा-बारा वर्षांचे. त्यातली शेवटची वर्षे युद्ध खाणार. टर्नबुल तिशी ओलांडलेला, बायको-मुलांचा धनी. २ एप्रिल १९१५ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड आणि लिव्हरपूल ह्यांचा सामना झाला. युनायटेडने २–० असा जिंकला. पण खेळ असा रडतखडत झाला की प्रेक्षकांनाच वास आला. एक पेनल्टीचा फटका फार बाहेर गेला. लिव्हरपूलच्या पॅगनम ह्याने अखेरीस आडव्या दांड्यावर चेंडू मारला तेव्हा त्याच्याच काही सोबत्यांनी त्याला दटावल्याचे लोकांनी पाहिले. मागाहून कळले की, नेमक्या २–० ह्या निकालावर एकास सात ह्या भावाने पुष्कळ पैसे लागले होते.

डिसेंबर १९१५ मध्ये चौकशी समितीने दोन्ही क्लबांच्या सात खेळाडूंना जन्माची बंदी घातली. युनायटेडचे तिघे, इनॉक वेस्ट, आर्थर व्हॉली आणि सँडी टर्नबुल. टर्नबुल त्या सामन्यात खेळलाही नव्हता, परंतु कटात होता असे समितीने ठरविले. ह्या गुन्ह्याने नुसते सट्टेवाल्यांचे नुकसान झाले असे नव्हे. त्या दोन गुणांमुळे युनायटेड लीगच्या वरच्या वर्गात कसाबसा टिकला. आणि ध्यानात घ्या, त्याच सामन्यात 'आम्ही ह्यात नाही' असे म्हणणारेही होते. पॅगनम होता, दोन्ही गोल मारणारा युनायटेडचा अँडरसन होता. त्यांचेही पगार कापले गेले होते, त्यांच्याही डोक्यावर युद्ध होते. म्हणून 'परिस्थितीने करविले' एवढे बोलून मला टर्नबुलला सोडविता येत नाही.

बंदीनंतर तो सैन्यात होता. आधी मिडलसेक्स रेजिमेंटच्या फुटबॉलवाल्यांच्या पलटणीत, मग ईस्ट सरे रेजिमेंटच्या आठव्या पलटणीत, लान्स सार्जंट. ३ मे १९१७ रोजी फ्रान्समध्ये, अरासच्या लढाईत, शेरिसी गावापाशी तो मारला गेला. वय ३२. देह सापडला नाही. अरासच्या स्मारकावर ज्यांना थडगे मिळाले नाही अशा सुमारे ३५,००० सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत त्याचे एक आहे. १९१९ साली असोसिएशनने बंदी उठविली. टर्नबुलचीही उठविली, म्हणजे दोन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला पुन्हा खेळण्याची परवानगी दिली! मेल्यावर माफी स्वस्त पडते. इनॉक वेस्ट जिवंत होता, आपण निर्दोष आहोत म्हणून कोर्टात भांडत राहिला. त्याची बंदी उठली १९४५ साली, साठीला टेकल्यावर.

युनियनचे काय झाले म्हणाल, तर ती टिकली. जिमी हिल तिचे प्रमुख असताना संपाची नोटीस दिली गेली आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतन रद्द झाले. तेव्हा ते आठवड्याला २० पौंड होते. १९६३ साली ईस्टहॅमच्या खटल्यात धरून ठेवण्याचा नियमही कोर्टाने मोडीत काढला. आज इंग्लंडातले खेळाडू कोट्यवधी कमावितात. त्यांतल्या कितींना त्या आरशाची गोष्ट ठाऊक असेल, कोणास ठाऊक.

आता शेवटचे. हा माणूस माझ्या डोक्यातून का जात नाही, ते मी सांगतो म्हणालो होतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली. आम्ही फाटकासमोर मंडप घातला. सत्तावन्न दिवस. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रात्रीच्या पाळीला जो मंडपात झोपला असा एक सोबती होता. पोलिसांनी मंडप उपटला तेव्हा त्याने खांबाला मिठी मारली होती. टाळेबंदी उठली. पुढे तीनचार वर्षांनी तोच माणूस आपल्या खात्याच्या वर्गणीतले पैसे खाताना सापडला. मुलीचे लग्न होते, कर्ज होते, सगळे खरे. पण पैसे दीडशे कामगारांचे होते. आम्ही ठराव करून त्याला काढला. ते योग्यच केले, आजही तसेच करीन.

परंतु नंतर मी आणखी एक गोष्ट केली. युनियनच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघाली. मंडपात बसलेल्यांची यादी तीत छापावयाची होती, आणि ती मी तयार केली. त्याचे नाव मी गाळले. मला कोणी सांगितले नव्हते. माझ्याच हाताने रेघ मारली. तो काही बोलला नाही. तो वारल्यावर त्याची बायको ती स्मरणिका घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, पैसे खाल्ले ते खाल्ले. त्याची शिक्षा झाली. पण ते मंडपात होते की नव्हते, एवढं सांगा." मला उत्तर देता आले नाही.

उत्तर मला त्या छायाचित्राने दिले. त्यातून पुढे टर्नबुलला कोणी खरवडून काढले नाही. १९०९ साली तो तेथे बसला होता, म्हणून तो तेथे आहे. १९१५ साली त्याने जे केले तेही लिहिलेले आहे. एकाने दुसरे पुसले जात नाही. आम्ही संघटनेची माणसे फार लवकर माणसाचा पुतळा करतो, आणि पुतळ्याला तडा दिसला की तो फोडून टाकतो. मग उरतात कोण? ज्यांची परीक्षाच कधी झाली नाही असे. संप, टाळेबंदी, बहिष्कार, हे सगळे अशाच माणसांनी उभे केले आहे की ज्यांच्या हातून पुढे-मागे काहीतरी चुकलेले होते. मी त्यांतलाच एक. यादीवर रेघ मारणारा.

ह्या वर्षी त्या स्मरणिकेची दुसरी आवृत्ती छापावयास गेली आहे. मंडपाच्या यादीत त्याचे नाव त्याच्या जागी घातले आहे. काही पाने पुढे वर्गणीसंबंधीचा ठरावही आहे, तोही गाळलेला नाही. पहिली प्रत कोणाच्या घरी नेऊन द्यावयाची आहे, ते आपल्या ध्यानात आले असेल.

फुटबॉलचे नाव सांगून मी आपणांस भलतीकडेच नेले असेन तर क्षमा असावी.